नाटकाच्या वर्गासाठी मुले निवडताना

(संस्थेच्या कार्यकर्ता प्रशिक्षण शिबिरात केलेले भाषण)



प्रथमच सांगून टाकतो की मी नाटकातला माणूस नाही. बँकेत लिपिक आहे, दिवसभर काउंटरवर बसतो. बी.ए.ला मराठी साहित्य घेतले होते. कॉलेजात असताना दोन एकांकिकांना पडद्यामागे राबलो आणि पुढे वस्तीतल्या मुलांच्या स्नेहसंमेलनाला जमेल तशी मदत करीत आलो, एवढीच माझी या विषयातली पात्रता. तरीही कार्यकारिणीने हा विषय माझ्याकडे दिला, कारण निवड हा प्रकार जितका कलेचा आहे तितकाच हिशेबाचाही आहे, असे आपल्या सचिवांचे मत पडले. ते मला पटले.

प्रसंग आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आपला सुट्टीतला नाट्यवर्ग सर्वांना खुला असतो, येईल त्याला घेतो. यंदा आपण नववी ते बारावीच्या मुलांसाठी पुढच्या पायरीचा, म्हणजे प्रगत नाट्यवर्ग काढतो आहोत. जागा वीस आहेत आणि नावे पन्नासच्या वर आली आहेत. म्हणजे तीसहून अधिक मुलांना 'नाही' म्हणावे लागणार. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कोणी पहिल्यांदा 'तुझ्यात ते नाही' असे सांगितले, तर तो ते पुष्कळ वर्षे विसरत नाही. म्हणून हे 'नाही' कोण, कशाच्या आधारावर आणि कोणत्या शब्दांत म्हणणार, हे आधी ठरले पाहिजे.

पहिला प्रश्न असा की आपण नाटकासाठी मुले निवडत आहोत की वर्गासाठी? हे दोन्ही एकच समजले जाते आणि तिथेच घोटाळा होतो. दिग्दर्शक नाटक बसवतो तेव्हा त्याच्यासमोर संहिता असते, प्रयोगाची तारीख असते. त्याला म्हातारा हवा असतो, भांडखोर शेजारीण हवी असते. जो त्या भूमिकेत बसेल त्याला तो घेतो आणि त्यात वावगे काही नाही. वर्गाचे तसे नाही. वर्गात मुलाला शिकवायचे असते. तिथे आज कोण चांगला दिसतो यापेक्षा सहा महिन्यांनी कोण कुठे पोहोचेल हे पाहायचे असते. दवाखान्यात फक्त धडधाकट माणसांना घेण्यासारखे आपण वागतो आणि वर म्हणतो, आमच्या वर्गाचा दर्जा फार चांगला आहे.

दुसऱ्यांनी हे काम कसे केले तेही पाहू. दिल्लीची राष्ट्रीय नाट्य विद्यालय ही संस्था १९५९ साली सुरू झाली. तिथे प्रवेशासाठी आधी निरनिराळ्या शहरांत प्राथमिक चाचणी होते आणि त्यातून निवडलेल्यांना दिल्लीला बोलावून काही दिवसांची कार्यशाळा घेतात. दोन-चार मिनिटांच्या दर्शनावर शेवटचा निर्णय करीत नाहीत, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट. न्यूयॉर्क शहरात ला ग्वार्डिया हायस्कूल नावाची प्रसिद्ध कलाशाळा आहे. सरकारी शाळा आहे, फी नाही. १९८० साली आलेला 'फेम' हा चित्रपट ज्या शाळेवर बेतलेला होता ती पुढे याच शाळेत सामावली गेली. तिथल्या नाट्यविभागात जाऊ इच्छिणाऱ्या मुलाला एकमेकांपासून निराळ्या प्रकृतीची दोन छोटी स्वगते तयार करून आणावी लागतात. वरवर पाहता सर्वांना एकच नियम. पण शाळा फुकट असली तरी स्वगत बसवून देणारा शिक्षक फुकट मिळत नाही. ज्या घरात असा शिक्षक लावायची ऐपत आहे, ते मूल दोन पावले पुढूनच धावायला लागते.

आपल्याकडे हेच निराळ्या रूपात घडते. चाचणीला परीक्षक म्हणतात, "तुला येत असेल ते काहीही करून दाखव." ऐकायला किती उदार वाटते! पण 'येत असेल ते' म्हणजे काय? ज्याच्या घरी नाटकाची पुस्तके आहेत, ज्याला वडिलांनी बोट धरून नाट्यगृहात नेले आहे, तो 'नटसम्राट'मधले स्वगत म्हणतो. १९७० साली रंगभूमीवर आलेले शिरवाडकरांचे ते नाटक थोर आहे, याबद्दल वाद नाही. पण पंधरा वर्षांचा मुलगा कापऱ्या आवाजात गणपतराव बेलवलकर करतो तेव्हा आपण त्या मुलाला पाहत नसतो, डॉ. लागूंची आपली आठवण पाहत असतो आणि गुण त्या आठवणीला देतो. ज्याच्या घरी यातले काही नाही तो मुलगा शाळेतली एखादी कविता म्हणतो आणि खाली बसतो.

म्हणून माझी सूचना अशी की उतारे आपण द्यावेत. चार उतारे काढावेत, प्रत्येकी दीड-दोन मिनिटांचे. ते आपल्या शिक्षकांनीच लिहिलेले असले तर उत्तम, म्हणजे कोणी त्यांचा प्रयोग आधी पाहिलेला नसेल. त्यात एक वऱ्हाडी किंवा मराठवाडी बोलीतला असावा. मुलगा की मुलगी याने फरक पडू नये अशी पात्रे असावीत. हे चारही उतारे पंधरा दिवस आधी सर्वांच्या हातात पडावेत आणि त्यातला कोणताही एक निवडायची मोकळीक असावी. पाठांतराला गुण नाहीत, कागद हातात धरून म्हटले तरी चालेल, हेही त्याच कागदावर छापावे. ज्याला वाचायला जड जाते, ज्याची दृष्टी कमी आहे, त्याला उतारा मोठ्या अक्षरात द्यावा किंवा कोणीतरी आधी वाचून दाखवावा. आपण अभिनयाची चाचणी घेतो आहोत, वाचनाची नव्हे. आपल्या राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडून दिव्यांग मुलांसाठी बालनाट्य स्पर्धा भरते, तेव्हा अशी मुले रंगमंचावर काय करतील अशी शंका कोणी काढू नये.

आता जरा नाजूक मुद्द्याकडे येतो. उच्चार. आमच्या शेजारची एक मुलगी अकरावीत असताना तिच्या कॉलेजच्या नाट्यसंघाच्या चाचणीला गेली होती. कॉलेजचे नाव घेण्याचे कारण नाही. मुलगी हुशार, नकला अशा करते की हसून पोट दुखावे. परीक्षकांनी तिला पहिला प्रश्न विचारला, "घरी कोणी नाटकात आहे का?" ती नाही म्हणाली. मग तिने उतारा सुरू केला. त्यात 'पाणी' हा शब्द होता, तो तिने 'पानी' असा म्हटला. परीक्षकांनी तिथेच थांबवून तिला तो शब्द तीनदा म्हणायला लावला. समोरची मुले हसली. चौथ्या वेळी तिने शब्दच सोडून दिला आणि उतारा तसाच संपवला. ती घरी आली तेव्हा मी विचारले, कशी झाली चाचणी? म्हणाली, "काका, चाचणी झालीच नाही."

मित्रहो, ती बरोबर बोलली. तिची चाचणी झालीच नव्हती. तिच्या आजीची, तिच्या गल्लीची, तिच्या बोलीची चाचणी झाली. मी असे म्हणत नाही की उच्चाराला महत्त्व नाही. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला शब्द कळला पाहिजे. पण स्पष्ट बोलणे वेगळे आणि अमुक एका घरातल्यासारखे बोलणे वेगळे. स्पष्टता पाहावी, तिला गुण ठेवावेत. 'न' आणि 'ण' हा फरक आठ दिवसांच्या सरावाने शिकवता येतो, म्हणून तो प्रवेशाच्या दारावर पहारेकरी म्हणून उभा करू नये. वर्गात शिकवायची गोष्ट वर्गात येण्याची अट कशी होऊ शकते?

आणि या बोलींनी मराठी रंगभूमीला काय दिले ते एकदा आठवा. गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली आले, ते मालवणीत. मच्छिंद्र कांबळी यांनी त्याचे हजारो प्रयोग केले. मराठवाड्यातल्या बोलीवर उभे असलेले 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे लक्ष्मण देशपांडे एकट्याने करीत आणि तेच गृहस्थ औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवीत होते. २०१२ साली आलेल्या 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' या नाटकातले कितीतरी कलावंत जालना जिल्ह्याच्या खेड्यातले होते. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. ज्या बोलण्याला तिकीट काढून टाळ्या मिळतात, त्याच बोलण्याला शाळेच्या चाचणीत गुण कापले जातात, हा हिशेब माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाला तरी जुळत नाही.

रूपाबद्दलही असेच. रंग, उंची, जाडी यांचा उल्लेख परीक्षकांच्या कागदावर येता कामा नये. एवढे सांगूनही तो मनात येतोच, हे मान्य. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांनी यावर एक उपाय काढला होता. १९७० नंतरच्या काळात त्यांच्यापैकी अनेकांनी उमेदवाराला पडद्यामागे बसवून वाजवायला लावण्याची पद्धत स्वीकारली. चालण्याच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून काही ठिकाणी जमिनीवर गालिचा अंथरीत. १९७० च्या सुमारास तिथल्या पाच प्रमुख वाद्यवृंदांत शंभरात पाचसुद्धा स्त्रिया नव्हत्या, १९९० च्या दशकात त्या शंभरात वीसच्या पुढे गेल्या. सगळे श्रेय पडद्याला देता येत नाही, शिकून तयार झालेल्या स्त्रियांची संख्याही त्या काळात वाढली. पण पडद्याने बरेच तोंड बंद केले असावे.

नाटकाला हा उपाय चालत नाही, कारण नट पडद्यामागे गेला की उरते काय! आपल्या केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणीतल्या नोकऱ्यांच्या मुलाखती बंद केल्या. वशिल्याला जागा मिळते ती मुलाखतीतच, असे त्यामागचे कारण होते. आपल्याला तेही करता येणार नाही, कारण नाटकाची चाचणी ही सबंध मुलाखतच आहे. म्हणजे माणसाने माणसाला पाहूनच ठरवायचे आहे आणि तरीही पक्षपात होऊ द्यायचा नाही. अवघड आहे, पण आमच्या बँकेतली एक साधी रीत इथे उपयोगी पडेल. बँकेत कोणताही महत्त्वाचा व्यवहार एका माणसाच्या हातून पुरा होत नाही. एक जण नोंद करतो, दुसरा तपासतो. यात पहिल्यावर अविश्वास नसतो. माणूस थकतो, माणसाला ओळखीचा चेहरा दिसला की हात सैल होतो, हे गृहीत धरून ती रीत घातलेली असते.

तेव्हा परीक्षक तीन असावेत. एक आपले नाट्यशिक्षक, एक बाहेरचा आणि एक असा की ज्याने यातल्या कोणत्याही मुलाला शिकवलेले नाही. प्रत्येकाने आपले गुण आपल्या कागदावर लिहून सही करावी आणि मगच तोंड उघडावे. चर्चा करायची तर वयाने आणि मानाने सर्वांत मोठ्या माणसाने शेवटी बोलावे. कारण सर एकदा "ठीक आहे, पण..." म्हणाले की दुसऱ्याचे पेन खोडायला लागते. ज्याचा मुलगा, पुतणी, शिकवणीतला विद्यार्थी समोर येईल त्याने त्या वेळेपुरते उठून बाहेर जावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. पहिल्या दोन-तीन मुलांना परीक्षक हात आखडून गुण देतात, पुढे काय येणार हे ठाऊक नसते म्हणून. जेवणानंतर तेच परीक्षक पेंगत असतात. म्हणून पहिल्या तिघांना सर्वांच्या शेवटी पुन्हा एकदा ऐकावे आणि दिवसभरात तीसपेक्षा जास्त मुले घेऊ नयेत. आपल्याला दोन दिवस लागतील, तर लागोत.

आता मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट सांगतो. मुलाने उतारा म्हटला की लगेच गुण देऊ नका. त्याला एक सूचना द्या. "हेच आता चिडून नको, लाजत म्हण." किंवा "समोर तुझी लहान बहीण झोपली आहे, ती उठता कामा नये असे म्हण." आणि त्याला पुन्हा करू द्या. पहिल्या खेपेला आपल्याला दिसते ते त्याला घरातून, शाळेतून जे मिळाले ते. दुसऱ्या खेपेला दिसते ते त्याचे स्वतःचे. पहिल्यांदा अप्रतिम म्हणणारा आणि दुसऱ्यांदा तंतोतंत तसेच म्हणणारा मुलगा तुम्ही पाहिला असेल. कोणीतरी बसवून दिलेले असते, ते त्याला मोडता येत नाही. आणि पहिल्यांदा अडखळणारी एखादी मुलगी सूचना ऐकते, क्षणभर खाली बघते आणि असे काही करते की परीक्षकांची मान वर होते. प्रगत वर्ग तिच्यासाठी आहे. माझे चालले तर निम्मे गुण मी या दुसऱ्या खेपेला ठेवीन.

उरलेल्या गुणांत स्पष्ट ऐकू येणे, कल्पकता, आणि दुसऱ्याचे ऐकणे यांना जागा असावी. दुसऱ्याचे ऐकणे हे एकट्याच्या उताऱ्यात कळत नाही. त्यासाठी सहा-सहा मुलांचे गट करून अर्धा तास एखादा प्रसंग उभा करायला द्यावा. एस.टी. बंद पडली आहे, एवढेच सांगावे. तिथे जो सगळ्यांना ढकलून पुढे येतो तो आणि जो दुसऱ्याच्या वाक्याला उत्तर देतो तो, यांतला फरक लहान मुलालाही कळतो.

पूर्वीच्या अनुभवाला मात्र गुण ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला एकदा संधी मिळाली त्याला त्या संधीबद्दल दुसरी संधी, हा चक्रवाढ व्याजाचा प्रकार झाला. व्यावसायिक शिक्षण देणाऱ्या संस्थांनी अनुभव मागितला तर ते समजते, तिथे येणारी माणसे मोठी असतात. आपल्याकडे येते ते नववीतले पोर. याच्याही पुढे जाऊन मी सुचवतो की वीसपैकी पाच जागा, जी मुले आजवर कधीच रंगमंचावर उभी राहिली नाहीत त्यांच्यासाठी वेगळ्या ठेवाव्यात. याने दर्जा खाली येईल असे काल एका सद्गृहस्थांनी मला ऐकवले. मी त्यांना विचारले, दर्जा म्हणजे वर्ग सुरू होतानाचा की संपतानाचा? सुरू होतानाचाच मोजायचा असेल तर शिक्षकाला मानधन कशाचे द्यायचे? ते हसले, पण पटले नाही त्यांना. या मुद्द्यावर कार्यकारिणीत मतभेद आहेत, ते मी लपवीत नाही. तुम्हीही बोला.

पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून भरते. २०२२ साली परीक्षकांनी करंडकाच्या योग्यतेचा एकही संघ नाही म्हणून तो कोणालाच दिला नाही. त्यावर पुष्कळ उलटसुलट चर्चा झाली. स्पर्धेत असे म्हणण्याचा हक्क परीक्षकाला असेल, कारण तिथे काम पुरे झालेले असते. वर्गाच्या दारात तो हक्क नाही. 'यंदा पात्र मुलेच नाहीत' म्हणून जागा रिकामी ठेवण्याचा ठराव कोणी आणला तर मी त्याला विरोध करीन.

मुलींविषयी दोन शब्द. मुलींना चाचणीतच विचारतात, "तालमीला उशीर होईल, घरचे सोडतील का?" मुलांना हे कोणी विचारत नाही. ती बिचारी गप्प बसते आणि तिथे तिचा निकाल लागतो. याचे उत्तर मुलीने द्यायचे नसून आपण द्यायचे आहे. वर्ग दुपारी दोन ते पाच ठेवा, प्रश्न मिटला. दुपारी दुकानात काम करणाऱ्या मुलांची त्यात अडचण होते हे मला माहीत आहे. अशी चार-पाच मुले आहेत. त्यांच्यासाठी रविवार सकाळ धरता येईल का, याचा विचार शिक्षकांनी करावा.

सूचना फलकावर एक ओळ लिहून भागत नाही, हे तर तुम्ही जाणताच. ती ओळ फलकाजवळ उभे राहणाऱ्यालाच दिसते. शाळेच्या सकाळ-दुपार दोन्ही सत्रांत, प्रत्येक तुकडीत जाऊन सूचना वाचून दाखवावी लागेल. हे काम महाविद्यालयीन मित्रांनी अंगावर घ्यावे.

राहता राहिला निकाल. नावे मोठ्याने पुकारू नयेत. सर्वांचा निकाल एकाच वेळी, क्रमांकाने लावावा. ज्यांची निवड झाली नाही त्या प्रत्येकाला शिक्षकांनी बाजूला घेऊन दोनच वाक्ये सांगावीत. एक, त्याने काय चांगले केले. दुसरे, पुढच्या वर्षापर्यंत नेमके काय करून यायचे. "आवाज नाही तुझा" हे वाक्य नव्हे. "वाक्याच्या शेवटी तुझा आवाज गळतो, रोज दहा मिनिटे मोठ्याने वाच" हे वाक्य. गुणांचे कागद वर्षभर कपाटात जपून ठेवावेत आणि कोणा पालकाने मागितले तर दाखवावेत. दाखवायची लाज वाटेल असे त्यावर काही लिहूच नये. आणि कृपा करून न निवडलेल्या मुलाला "तू पडद्यामागे काम कर" असे समजुतीखातर सांगू नका. नेपथ्य, प्रकाश, संगीत ही समजूत घालायची कामे नाहीत. ज्याला ती आवडतात त्याच्यासाठी पहिल्याच अर्जात वेगळा रकाना आहे.

अर्ज अभ्यासिकेत ठेवले आहेत, त्यांना शुल्क नाही. उतारे लिहून देणाऱ्या शिक्षकांनी ते येत्या शनिवारपर्यंत माझ्याकडे द्यावेत, छापून आणण्याचे काम मी करतो. परीक्षक म्हणून बसायला तयार असणाऱ्यांनी आपली नावे सचिवांकडे नोंदवावीत. ज्यांची स्वतःची मुले चाचणीला येणार आहेत त्यांनी परीक्षकांच्या टेबलाऐवजी त्या दिवशीच्या चहा-पाण्याची बाजू सांभाळावी, अशी त्यांना विनंती आहे. आता प्रश्न असतील तर विचारा.